लँथॅनम ऑक्साइड पावसाळ्यात तोलताना

महोदय,

कॉलेजांत एम.एस्सी.चे प्रकल्प सुरू होतात तेव्हा मुंबईत नेमका पाऊस असतो. लँथॅनम मँगनाइटमध्ये (लँथॅनम, मँगनीज आणि ऑक्सिजन यांच्या संयुगात) स्ट्रॉन्शियमचे डोपिंग, म्हणजे काही लँथॅनमच्या जागी स्ट्रॉन्शियम बसवणे, करायला घेतलेल्यांची चूक बहुधा पहिल्याच दिवशी, वजनकाट्यावर होते.

शुद्ध लँथॅनम मँगनाइट चुंबकाला चिकटत नाही. त्यात मँगनीजचे सगळे अणू +3 भाराचे. लँथॅनमही +3; त्याच्या काही जागी +2 चे स्ट्रॉन्शियम बसवले की तेवढे मँगनीज +4 होते आणि +3 वरचा इलेक्ट्रॉन ऑक्सिजनमार्गे तिकडे जाऊ लागतो. दोन्ही मँगनीजचे स्पिन (इलेक्ट्रॉनांची सूक्ष्म चुंबके) एका दिशेला असले तर ही ये-जा सोपी, म्हणून ते तसेच लागतात. भौतिकशास्त्रज्ञ झेनर यांनी 1951 मध्ये मांडलेले डबल एक्स्चेंज ते हेच. 30 टक्के लँथॅनमच्या जागी स्ट्रॉन्शियम असेल तर क्युरी तापमान (ज्याच्या वर हे चुंबकत्व जाते) सुमारे 370 केल्विन आणि खोलीचे सुमारे 300, म्हणून गोळी खोलीतच चुंबकाला चिकटते. तेवढेच कॅल्शियम घातले तर सुमारे 250 केल्विन. ती गोळी इथे चिकटणारच नाही. प्रयोग फसला असे समजू नये.

30 टक्क्यांच्या 10 ग्रॅमसाठी लँथॅनम ऑक्साइड 5.036, स्ट्रॉन्शियम कार्बोनेट 1.956 आणि मँगनीज डायऑक्साइड 3.839 ग्रॅम लागते. घोळ पहिल्या आकड्यात आहे. लँथॅनम ऑक्साइड हवेतले पाणी ओढून हायड्रॉक्साइड होते. पूर्ण झाले असेल, तर तोललेल्या पावडरीत लँथॅनम 14 टक्के कमी भरते, आणि आपल्या हवेत झाकण सैल असलेल्या बाटलीचा भरवसा नाही. जादा मँगनीज मग ऑक्साइड म्हणून वेगळे पडते. क्ष-किरण आलेखात 36 अंशांजवळची बारीक रेघ बहुधा त्याचीच (नळी तांब्याची असेल तर). खोलीत त्याला चुंबकत्व नसते, त्यामुळे दर ग्रॅममागचे चुंबकन घटते आणि दोष डोपिंगला लागतो.

उपाय साधा आहे. पावडर 900 ते 1000 अंश सेल्सिअसवर रात्रभर तापवावी, थेट डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवावी आणि निवताच लगेच तोलावी. पुढे अगेटच्या खलात घोटणे, 1000 अंशांवर 12 तास, पुन्हा घोटणे, मग गोळी दाबून 1200 ते 1300 अंश. चिमटा प्लास्टिकचा घ्यावा: 1 मायक्रोग्रॅम लोखंडही सुमारे 0.0002 ईएमयूचा (ईएमयू हे चुंबकी आघूर्णाचे एकक) संकेत देते, आणि पातळ थरांच्या मापनात तो सहज खरा वाटतो.

तयार गोळी चार-आठ दिवसांत आपोआप भुसभुशीत झाली, तर आत न मिसळलेले लँथॅनम ऑक्साइड आहे. ती मोजू नये, पुन्हा घोटून भट्टीत घालावी.

— पदार्थविज्ञानाचे दोन शिक्षक, मुंबई