मिक्सरचे पैसे मिळाले, काकू!

ती. काकूंना,
सा. न. वि. वि.

आभार मानायला घरी आले असते तर तुम्ही विषय बदलून चहा टाकला असता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. आपल्या सोसायटीत माळ्यावर बिघडलेली नवीकोरी वस्तू पडून नाही असं घर शोधावं लागेल, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

मिक्सरचं प्रकरण मिटलं. पैसे मिळाले, पूर्ण.

दादरच्या त्या दुकानात काय चाललं होतं ते तुम्ही ऐकलंच होतंत. ओल्या खोबऱ्याचं वाटण लावलं की मोटर तापायची, जळका वास यायचा आणि यंत्र बंद. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी कपलर बदलून दिला, तरी तेच. दुकानदाराचं एकच पालुपद: आम्ही फक्त विकतो, तुम्ही कंपनीकडे जा. फारच लावून धरलं तर बिलाच्या तळाशी बोट, ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. आणि वर, खोका कुठाय? मिक्सरचा रिकामा खोका जपायला मुंबईतल्या कुणाच्या घरात जागा असते, हे त्यांनाच विचारायला हवं.

तुम्ही ते बिल उलटसुलट पाहिलंत आणि म्हणालात, “छापलं म्हणून कायदा होतो का गं?” मग २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा काढलात. त्याच्या कलम २ मधलं ४७ वं पोटकलम मला दोनदा मोठ्यानं वाचायला लावलंत. दोष असलेला माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा. बिलावर मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर तीस दिवसांत पैसे द्यायचे. बिलच न देणं हेही त्याच यादीत. हे २०२० च्या जुलैपासून लागू आहे आणि तरी ती तळाची ओळ अजून छापली जाते! छापणाऱ्याला खर्च शून्य आणि दहातले नऊ जण ती वाचून घरी जातात, हे तुमचं म्हणणं मला त्या दिवशी पटलं.

पण तुम्ही मला हवेतही सोडलं नाहीत. “रंग आवडला नाही किंवा नणंदेनं तसाच आणला म्हणून परत नेलास, तर तो नाही म्हणू शकतो. तिथे त्याची मर्जी. तुझी मोटर जळतेय, म्हणून तुझं बोलणं वेगळं.” हा फरक कळल्यावर दुकानात माझा आवाज आपोआप खाली आला. ओरडायची गरजच उरली नव्हती.

खरं तर मला वाटलं होतं, तुम्ही दुकानात एक फोन कराल. तुमच्या आवाजात ती जरब आहे. इतकी वर्षं मुंबई ग्राहक पंचायतीच्या संघात महिन्याच्या वाणसामान-वाटपाच्या याद्या सांभाळलेल्या बाईपुढे कोण टिकणार? तुम्ही फोन केला नाहीत. वही पुढे केलीत आणि म्हणालात, लिही. माझा पहिला मसुदा म्हणजे तक्रारीपेक्षा रडगाणंच जास्त होतं. तुम्ही त्यातली विशेषणं एकेक करून खोडलीत. उरलं ते एवढंच: काय घेतलं, कधी, बिल क्रमांक, काय बिघडलं, सर्व्हिस सेंटरच्या जॉब शीटवर, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर, काय लिहिलंय, मला काय हवंय आणि किती दिवसांत. सोबत बिलाची झेरॉक्स, मूळ प्रत घरी. मोटर बंद पडतानाचा व्हिडिओ मोबाइलमध्ये जपून. पत्र दुकानाला आणि कंपनीला, दोघांनाही, पोचपावतीसह. दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवण्याची सोयच तुम्ही काढून घेतलीत.

१९१५ वर फोन करायलाही तुम्हीच सांगितलंत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं, हे मला नवीन होतं. ते निकाल देत नाहीत, कंपनीकडे पाठपुरावा करतात, म्हणून त्यावर विसंबून बसू नकोस, हेही बजावलंत.

आणि ग्राहक आयोगाची, म्हणजे ग्राहकांच्या कोर्टाची, भीती घालवलीत त्याबद्दल काय लिहू? कोर्ट म्हटलं की आमच्या घरात वकिलाची फी आधी दिसते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील लागतोच असं नाही, दोन वर्षांच्या आत जायचं. शिवाय आपण राहतो तिथल्या आयोगातही जाता येतं. दुकान दादरचं असलं तरी मुलुंडच्या बाईला उपनगर जिल्ह्याचा आयोग चालतो. जुन्या १९८६ च्या कायद्यात ही मुभा नव्हती, असं तुम्ही सांगितलंत तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते पाहून वाटलं की कायदा तुम्हीच बदलून आणलाय.

तिथवर जावंच लागलं नाही. दुकानातून फोन आला, आवाज एकदम साखरेचा. आधी क्रेडिट नोट देऊ केली, आमच्याकडूनच दुसरं काही घ्या म्हणून. पत्रात काय मागितलंय ते वाचा, एवढंच मी म्हटलं. मिक्सर त्यांनी ठेवून घेतला आणि पैसे खात्यात जमा केले. खोक्याचं नावही कुणी काढलं नाही.

तुमच्या फाइलसाठी पत्राची प्रत मागितली होतीत. दुकानाचं नाव आणि माझा पत्ता खोडून सोबत जोडली आहे. ए विंगमधल्या वहिनींच्या गीझरची भानगड मी तुमच्याकडे न पाठवता स्वतःच घेतली आहे. त्यांचं बिल सापडलं, जॉब शीट अजून मिळायची आहे. मसुदा झाला की खोडायला तुमच्याकडे आणते.

तुमची,
बी विंगमधली शेजारीण