एडी कोकम्स याच्याविषयी मित्रास पत्र

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

अमेरिकन फुटबॉलमधील फॉरवर्ड पास, म्हणजे चेंडू हाताने पुढे सहकाऱ्याकडे फेकणे, हा नॉटर डेम विद्यापीठाचे खेळाडू डोराइस आणि रॉकनी यांचा शोध, असे तू मागच्या पत्रात ठामपणे लिहिलेस, म्हणून एडी कोकम्सची हकिगत कळवतो.

विस्कॉन्सिनमधील स्टर्जन बे येथे 1877 साली जन्मलेला हा खेळाडू नॉर्थ डकोटाच्या कृषी महाविद्यालयात आणि एक हंगाम क्लेम्सन महाविद्यालयात प्रशिक्षक होता. 1906 साली तो जेझुइट या ख्रिस्ती पंथाच्या सेंट लुइस विद्यापीठात प्रशिक्षक म्हणून आला. आदल्या वर्षी मैदानावर इतके खेळाडू दगावले होते, की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना बोलावून कानउघाडणी केली. नव्या नियमांनी चेंडू पुढे फेकण्यास परवानगी दिली खरी, पण हात आखडता ठेवून: कोणाचाही स्पर्श न होता तो जमिनीवर पडला, तर ताबा प्रतिपक्षाकडे जाई. त्यामुळे बहुतेक प्रशिक्षक या वाटेला फारसे गेलेच नाहीत.

कोकम्सने मात्र त्या उन्हाळ्यात संघाला लेक ब्यूला येथे नेऊन याच एका गोष्टीचा कसून सराव करून घेतला. तेव्हाचा चेंडू टरबुजासारखा फुगीर असे. तरी त्याच्या बंदांवर बोटे रोवून, त्याला फिरकी देत फेकायचे तंत्र त्याने बसवले, आणि मला त्याची खरी थोरवी यातच दिसते. 5 सप्टेंबर रोजी वॉकेशा येथे कॅरोल कॉलेजविरुद्ध त्याच्या संघातील ब्रॅडबरी रॉबिन्सनने जॅक श्नायडरकडे फेकलेला पहिला पास वाया गेला आणि चेंडूही गेला. दुसरा कोणी प्रशिक्षक असता तर तिथेच कानाला खडा लावता. पुढे त्याच जोडीने त्याच डावाने टचडाउन (चेंडू प्रतिपक्षाच्या गोलरेषेपार नेऊन मिळवलेले गुण) केला. त्या हंगामात संघाने अकराही सामने जिंकले, 407 गुण मिळवले आणि अवघे 11 दिले. आयोवा विद्यापीठाला तर 39–0 असे धुतले.

पूर्वेकडच्या वृत्तपत्रांना मात्र मिसिसिपीकाठच्या खेळाचे सोयरसुतक नव्हते. 1913 साली वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत नॉटर डेमने तिथल्या संघाला डोराइस-रॉकनी जोडीच्या पासांच्या जोरावर 35–13 असे हरवले, तेव्हा त्यांचे डोळे उघडले. रॉकनीने स्वतः पुढे कोकम्सचे श्रेय मोकळेपणाने मान्य केले, हे तू विसरू नकोस.

1908 नंतर कोकम्सने सेंट लुइस सोडले, 1914 मध्ये मेन विद्यापीठात एक हंगाम प्रशिक्षण दिले, आणि 1953 साली मॅडिसन येथे तो वारला.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
माधव