चर्चमधली पेटी-तबला

संपादक महोदय,
ऑफिसातल्या मित्रानं आग्रह केला म्हणून नगरला एका मराठी चर्चच्या रविवारच्या उपासनेला गेलो, डोक्यात सिनेमातलंच चित्र होतं, घंटा, मेणबत्त्या आणि इंग्रजी गाणी. इथं तर समोर पेटी-तबला! वेदीवर नुसता क्रूस, मूर्ती एकही नाही, मित्र म्हणाला आपण प्रोटेस्टंट ना. मग अभंगाच्या चालीवर भजन सुरू झालं आणि माझ्या शेजारच्या नऊवारीतल्या आजी पुस्तक न उघडता डोळे मिटून गात होत्या, टाळी अगदी सम धरून. ही पदं रेव्हरंड नारायण वामन टिळकांची, १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले पण तुकोबा काही सोडले नाहीत, हे शाळेत कुणी सांगितलंच नाही आम्हाला. प्रवचन जरा लांबलं (ते कीर्तनातही लांबतंच म्हणा). नंतर तरुण पोरांनी कीबोर्ड आणि ड्रमवर हिंदी गाणी घेतली, आवाज दणदणीत, पण खरं सांगू, मजा नाही आली, आजीही गप्पच होत्या. पोरांनी कीबोर्ड जरूर वाजवावा, पण या जुन्या चाली कुणीतरी नीट रेकॉर्ड करून ठेवा हो, त्या येणारी माणसं आता सत्तरीपुढची आहेत.

— एक वाचक, अहिल्यानगर