कोमा वेगळा, ब्रेन डेड वेगळे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘ब्रेन डेड रुग्ण शुद्धीवर आला’ अशा मथळ्याच्या बातम्या अधूनमधून वाचनात येतात. पुढचा मजकूर वाचला की बहुतेक वेळा कळते, रुग्ण कोमात होता, ब्रेन डेड नव्हताच. बातमीत हे दोन शब्द एकमेकांच्या जागी पडले की त्याचा त्रास आयसीयूबाहेर बाकड्यावर बसलेल्या माणसांना होतो. मी गेली २२ वर्षे आयसीयूत परिचारिका आहे, म्हणून हे पत्र.

सारा फरक मेंदूच्या देठाचा, म्हणजे ब्रेनस्टेमचा आहे. शाळेत मोठा मेंदू आणि लहान मेंदू शिकून झाले की मस्तिष्कपुच्छाच्या वाट्याला दोन ओळी येतात. हे मस्तिष्कपुच्छ आणि त्याच्या वरचे दोन भाग मिळून अंगठ्याएवढा हा देठ होतो, आणि श्वासाची लय तिथेच जन्मते. १९९१ साली संशोधकांनी नवजात उंदरांच्या ब्रेनस्टेमचा पातळ काप काढून द्रावणात जिवंत ठेवला. ना छाती, ना फुप्फुसे, तरी त्यातल्या प्री-बॉट्झिंगर नावाच्या पुंजक्यातील चेतापेशी श्वासाच्या ठेक्यात संदेश सोडत राहिल्या. जवळच्याच काही पेशी कार्बन डायऑक्साइडवर पाळत ठेवतात. दम रोखून धरल्यावर जीव कासावीस होतो तो मुख्यतः हा वायू साठल्यामुळे, प्राणवायू संपल्यामुळे नव्हे. उजेडात बाहुली आकसणे, डोळ्याला काही लागताच पापणी मिटणे, घशात काही गेले की खोकल्याची उबळ येणे, हेही सगळे इथूनच चालते.

कोमात हा देठ पुष्कळदा शाबूत असतो. नळीतून कफ ओढताना रुग्ण खोकतो, कधी स्वतःचा श्वासही घेतो. असे काही रुग्ण बरे होऊन स्वतःच्या पायांनी घरी जाताना मी पाहिले आहेत. मेंदूला कायमची इजा झाली आहे हे कारणासकट ठाऊक असते आणि देठाची एकही खूण उरलेली नसते, तेव्हाच ब्रेन डेड म्हणतात. त्याआधी झोपेच्या औषधांचा अंमल उतरलेला आहे ना, अंग गार पडलेले नाही ना, हे पाहावे लागते, कारण या दोन्हींमुळे जिवंत देठही गप्प राहू शकतो.

मग डॉक्टर बाहुलीवर प्रकाश टाकतात, बुबुळाला कापसाचे टोक लावतात, कानात बर्फाचे पाणी सोडून डोळे हलतात का ते बघतात. शेवटची चाचणी श्वासाची. आधी भरपूर प्राणवायू देऊन ठेवतात, मग व्हेंटिलेटर सोडवतात, बारीक नळीने प्राणवायू चालूच असतो. छाती-पोट उघडे ठेवून आम्ही सगळे तिथेच नजर लावून उभे असतो. साधारण आठ-दहा मिनिटे. एरवी ४०च्या आसपास असणारा कार्बन डायऑक्साइडचा दाब ६०च्या पुढे जातो. देठातली एखादी पेशी जरी हाक द्यायला उरली असती, तरी एवढ्यावर छाती हलली असती. ती हलत नाही. इतक्या वर्षांनंतरही ती मिनिटे मला जड जातात.

एका रुग्णाच्या पत्नीने माझा हात धरून विचारले होते, “सिस्टर, अंग गरम आहे हो त्यांचं, आणि तुम्ही गेले म्हणता?” अंग गरम होते ते आम्ही गरम हवेचे पांघरूण घातले होते म्हणून. शरीराचे तापमान किती असावे हे देठाच्या वरचा हायपोथॅलॅमस ठरवतो. कातडीच्या रक्तवाहिन्या आवळायचा, हुडहुडी भरवायचा त्याचा हुकूम देठातूनच खाली जातो. दोन्ही गेले की शरीर हळूहळू खोलीइतके गार होऊ लागते. हृदयाचा ठेका मात्र हृदयातच तयार होतो, त्यामुळे यंत्राने प्राणवायू मिळतो तोवर ते चालू राहते. मज्जारज्जूही आपल्यापुरता जागा असतो, म्हणून कधी बोटे हलतात, क्वचित हात उचलला जातो. नातेवाइकांनी ते पाहिले आणि त्यांना आधी कुणी सांगितलेले नसले, तर पुढे काहीही समजावले तरी ते पटत नाही. त्यात त्यांनी वर सांगितलेला मथळा वाचलेला असतो. त्या बाईंनीही वाचला होता. घडी केलेले कात्रण त्यांच्या पर्समध्ये होते.

आपल्या वार्ताहरांना एवढीच विनंती, की ‘ब्रेन डेड’ लिहिण्याआधी डॉक्टरांना विचारावे, श्वासाची चाचणी झाली होती का? झाली नसेल, तर त्या वेळी डॉक्टरांनी नेमके काय सांगितले होते तेच छापावे.

आपली,
एक परिचारिका