उभ्या गाडीबद्दल

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र काल मिळालं, दोनदा वाचलं. वहिनींबद्दल जे लिहिलंयस त्यावर पत्रातून काही लिहावं असं मला वाटत नाही. भेटलो की बोलू, नाहीतर नुसते बसू. पण गाडीबद्दलचा तुझा मजकूर वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून सकाळी उठल्याबरोबर कागद घेतला.

तू लिहितोस की आठ महिने गाडी जागची हललेली नाही, पण तू तिची काळजी घेतोस. रोज सकाळी पाच मिनिटं इंजिन चालू ठेवतोस आणि मग बंद करतोस. आणि विचारतोस, १४ वर्षांत जेमतेम ६२,००० किलोमीटर झालेत, म्हणजे इंजिन आतून नव्यासारखंच असणार ना?

अरे, ती पाच मिनिटं आधी थांबव. आजपासूनच.

पेट्रोल जळलं की त्याचं पाणी होतं. थोडंथोडकं नाही, लिटरभर पेट्रोलमागे जवळजवळ लिटरभर. इंजिन चांगलं तापलेलं असलं की ते वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. इंजिन थंड असलं तर ती वाफ गार लोखंडाला लागून तिथंच पाणी होते. काही पाणी सायलेन्सरमध्ये साचून तो आतून सडवतं, काही पिस्टनच्या रिंगांच्या कडेनं खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, उतरून ऑइलमध्ये मिसळतं. त्यात थंड इंजिनाला पेट्रोल जादा लागतं आणि ते सगळं जळत नाही. उरलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं आणि तेही चेंबरमध्येच जातं. म्हणजे रोज सकाळी तू ऑइलमध्ये थोडं पाणी आणि थोडं पेट्रोल घालतोस, आणि ते उडून जाण्याइतकी ऊब यायच्या आत चावी फिरवतोस. आठ महिन्यांत हे २४० वेळा झालं. मुक्कामाला असलेली गाडी मुळीच चालू न करता ठेवली असतीस तर ते बरं झालं असतं.

डॅशबोर्डवरचा काटा मध्यावर आला की इंजिन तापलं असं सगळेच धरून चालतात. तो काटा पाण्याचं तापमान सांगतो, ऑइलचं नाही. ऑइल मागून, सावकाश तापतं. पाण्याला दहा मिनिटं लागली तर ऑइलला वीस लागतात. माझं ऐकायचं नसेल तर बॉनेट उघड, ऑइल भरायचं झाकण काढ आणि ते आतून बघ. लोण्यासारखा पिवळट पांढरा थर बसलेला दिसेल. तो बोटावर घे आणि वास घेऊन बघ.

आता किलोमीटरचं. आपण दोघं हाताशी पाना आला तेव्हापासून गाड्यांत रमलो, पण इंजिनं उघडून बघायचं काम मी जास्त केलं, म्हणून हे मी सांगतो. एकाच बनावटीची दोन इंजिनं मी थोड्या अंतरानं उघडली होती. एक साडेतीन लाख किलोमीटर पळालेलं, लांबच्या रस्त्यावर राबलेलं. हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, काढलं तर सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर कारखान्यात घासताना पाडलेल्या (हॉनिंगच्या) तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेषा जागोजाग तशाच होत्या. त्या बारीक रेषांतच ऑइल धरून राहतं. मी नखानं चाचपून बघितलं, वरच्या टोकाला पायरीसुद्धा लागत नव्हती. दुसरं होतं ७०,००० चं. मालक सज्जन माणूस, गाडी रोज पुसायचा, पण जाणं-येणं दीड किलोमीटरचं. झाकण काढलं तर आत काळा, डांबरासारखा गाळ. ऑइल परत खाली जायच्या वाटा बुजलेल्या आणि व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टवर ओरखडे. त्या दिवसापासून मी कुणालाही गाडी किती पळाली हे आधी विचारत नाही. कशी पळाली, एका दमात किती पळाली, हे विचारतो.

हिशेब करून बघ. ३ लाख किलोमीटर, सरासरी वेग ताशी ४० धरला तर ७,५०० तास. मिनिटाला २,००० फेरे धरले तर क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा, ९० कोटी वेळा फिरला. बेअरिंग आणि क्रँकशाफ्ट यांच्यातली फट असते साधारण ०.०३ ते ०.०६ मिलिमीटर, आणि त्या फटीत दाबाखाली ऑइल भरलेलं असतं. ते आहे तोवर धातूला धातू लागतच नाही, शाफ्ट ऑइलवर तरंगत असतो. इतके फेरे होऊनही इंजिन टिकतं ते त्यामुळे. झीज होते ती बहुतेक सुरुवातीला, ऑइल जागेवर पोचायच्या आधी आणि इंजिन थंड असताना.

अमेरिकेतले अर्व गॉर्डन तुला आठवत असतील, आपण त्यांच्याबद्दल बोललो होतो. विज्ञानाचे शिक्षक. १९६६ साली त्यांनी व्होल्वोची पी-१८०० घेतली आणि २०१३ मध्ये त्याच गाडीवर ३० लाख मैल पुरे केले, म्हणजे ४८ लाख किलोमीटर. लोक गाडीचं कौतुक करतात आणि ते रास्तच आहे. मला मात्र त्यांच्या रोजच्या रस्त्याचं महत्त्व जास्त वाटतं. नोकरीवर जाऊन-येऊन सव्वाशे मैल पडायचे. थंड इंजिन एका खेपेला एकदाच चालू करायचं आणि मग ते चांगलं ऊन होऊन एका लयीत पळत राहायचं. त्यात हा माणूस गाडीच्या पुस्तकात जे लिहिलंय ते लिहिल्याप्रमाणे करणारा. एवढ्या वर्षांत त्यांना किती कंटाळवाण्या संध्याकाळी ऑइल बदलावं लागलं असेल, याचा मला फार आदर वाटतो.

तुझी गाडी शेवटची दोन वर्षं कुठं धावली हे मला माहीत आहे. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर. तीन किलोमीटर जायचं, दोन तास थांबायचं, थंड झालेलं इंजिन पुन्हा चालू करून तीन किलोमीटर परत. तेव्हा मी तुला ऑइलचं काही बोललो नाही, बोलण्याची ती वेळ नव्हती. त्या फेऱ्यांनी ती गाडी थकली आहे. तिनं ते काम चोख केलं, एकदाही तुम्हाला वाटेत उभं केलं नाही. निदान त्यासाठी तरी तिचं नीट करूया.

आता एक गोष्ट सांगतो, घरात अजून कुणाला धड सांगितलेली नाही. मला टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागांचा, टिकटिक आवाज ऐकू येईनासा झालाय.

गेल्या महिन्यात बॉनेट उघडून उभा होतो, नात शेजारी होती. म्हणाली, "आजोबा, टिकटिक येतेय." मला इंजिन अगदी शांत वाटत होतं. लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक टॅपेट कव्हरवर टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली. जन्मभर असंच ऐकत आलोय. कुठला व्हॉल्व्ह, कुठलं बेअरिंग, एवढं अचूक सांगायचो. घरघर आली, खालचा जाड आवाज आला. टिकटिक नाही. वय झालं की बारीक, उंच आवाज आधी जातात, हे मला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं आणि उघड्या इंजिनासमोर ते कळणं वेगळं. काही वेळ मी तसाच उभा राहिलो. नातीला वाटलं मी ऐकतोय.

दुसऱ्या दिवशी इंजिन पूर्ण थंड असताना कव्हर उघडलं. तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची, धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हची, फट ०.३० मिलिमीटर हवी, ती ०.४२ निघाली. पोरीचे कान बरोबर होते. लॉकनट ढिला केला, फीलर गेजची, म्हणजे फट मोजायची, पातळ पट्टी आत घातली, स्क्रू आवळत आणला. पट्टी ओढताना ती अडली नाही पाहिजे आणि मोकळीही सुटली नाही पाहिजे, जरा धरून सरकली पाहिजे. ते बोटांना अजून कळतं. नातीलाही तीन-चार वेळा ओढायला लावली. चौथ्या वेळी तिचा चेहरा बदलला, तिला ती पकड सापडली. तेव्हापासून कानांचं काम मी हातांवर ढकललंय. सायलेन्सरच्या तोंडापुढे तळहात धरला की ठोके सारखे पडताहेत की एखादा चुकतोय ते समजतं. तिथंच कागद धरायचा. तो सारखा बाहेर फडफडायला हवा, मधेच आत ओढला जात असेल तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही असा संशय घ्यायचा.

यावरून टायमिंग बेल्टची आठवण झाली, क्रँकशाफ्टच्या फिरण्याशी व्हॉल्व्हचा मेळ ठेवणारा रबरी पट्टा तो, आणि खरं तर तीच मुख्य गोष्ट आहे. माझी गाड्यांची वही तू बघितली आहेस. तिच्यात एका पानावर लिहिलंय, "टायमिंग बेल्ट बदलायचा." ते खोडून पुढच्या महिन्यात पुन्हा तेच, तेही खोडलेलं. तिसऱ्यांदा तेच, आणि त्याखाली, "बाबांना दाखल केलं." त्यानंतर आठ दिवसांनी बेल्ट तुटला. मोठा आवाज नाही, धक्का नाही, इंजिन एकदम गप्प झालं. सेल्फ, म्हणजे स्टार्टर, मारला तर नेहमीपेक्षा हलका, भरभर फिरला, कारण दाबायला आत काही उरलंच नव्हतं. आठांपैकी सहा व्हॉल्व्ह वाकले होते. मी गाडीतून उतरलो आणि दवाखान्यापर्यंत चालत गेलो. त्या दिवशी पोचायला उशीर झाला, ते अजून मनात आहे.

तुझ्या इंजिनात चेन नाही, बेल्टच आहे, आणि १४ वर्षांत तो बदलल्याचं मला आठवत नाही. ६२,००० हा आकडा बघून निश्चिंत राहू नकोस. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. ब्रेक ऑइलचंही तसंच, ते हवेतलं पाणी शोषत राहतं आणि मग लवकर उकळतं. टायरचंही तेच, नक्षी कोरी दिसेल, पण बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. ३५१५ असलं तर २०१५ चा पस्तिसावा आठवडा. पाचही टायरवरचे आकडे लिहून मला कळव, स्टेपनी विसरू नकोस.

मुलीनं विजेवरची गाडी घेतलीय. तिला ऑइल नाही, टॅपेट नाहीत, इंजिन तापायची वाट बघणं नाही. मी चालवली, सुरेख गाडी आहे. तू विकायचा विचार करत असशील आणि तसलं काहीतरी घेणार असशील, तर मी तुला अडवणार नाही. पण ही गाडी अशी कुजत ठेवून विकायची नाही.

येत्या रविवारी मी येतो. बॅटरीचा चार्जर, ऑइल, फिल्टर, नवा बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर आणि माझे पाने घेऊन येतो. वॉटर पंप बेल्टवरच फिरत असेल तर तोही त्याच वेळी बघू. टाकीत आठ महिन्यांचं पेट्रोल आहे, ते जमेल तितकं काढून ताजं भरू. हँडब्रेक ओढलेला असेल तर आत्ताच सोड आणि चाकांना विटा लाव, नाहीतर ब्रेकचे लायनर ड्रमला धरून बसतात. दुपारपर्यंत काम आटपेल. मग तू चालवायचं, मी शेजारी बसणार. निदान तासभर, मोकळ्या रस्त्यावर, मधे कुठंही न थांबता. काच खाली ठेवायची. टॅपेट वाजत असतील तर ते तुलाच मला सांगावं लागेल.

तोवर सेल्फ मारू नकोस.

तुझाच,
जुना मित्र