प्रतिकारशक्तीला लगामही हवा

महोदय,

पावसाळा लागला की सीताबर्डीपासून मानेवाड्यापर्यंत ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ अशा जाहिराती झळकू लागतात. जणू ही शक्ती जितकी जास्त तितकी बरी! मी जीवशास्त्र शिकवते, म्हणून राहवत नाही.

शरीरात जंतू शिरला की तो गिळणाऱ्या महाभक्षक पेशीत एरवी बांधून ठेवलेले ‘एनएफ-कॅपा-बी’ हे प्रथिन मोकळे होते, केंद्रकात जाते आणि टीएनएफ, आयएल-६ अशा दाहकारक प्रथिनांची जनुके चालू करते. ताप आणि सूज त्यातूनच येते. पण विलक्षण गोष्ट पुढे आहे. हेच प्रथिन स्वतःला पुन्हा बांधणाऱ्या प्रथिनाचे जनुकही चालू करते. शिवाय टीएनएफचा निरोप नेणारा आरएनए वेळेवर नष्ट करणारे आणखी एक प्रथिन आहे. ते नसलेल्या उंदरांना संसर्गाविनाच संधिवात होतो, इतका हा लगाम मोलाचा.

कोविडमध्ये काय दिसले? २०२० च्या ब्रिटनमधील चाचणीत दाह दाबणाऱ्या डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने ऑक्सिजनवरील रुग्णांचे मृत्यू घटले. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता, त्यांना मात्र फायदा दिसला नाही. म्हणून साध्या तापात मनानेच स्टेरॉइड घेणेही घातक ठरू शकते.

आपल्या आरोग्य पुरवणीत यावर सचित्र लेख द्यावा. रामन विज्ञान केंद्रानेही शाळकरी मुलांसाठी हा विषय मांडावा, ही कळकळीची विनंती.

– एक शिक्षिका, नागपूर