टी-शर्ट नको, शुक्रवार माग

पुणे, रविवार

प्रिय मंद्या,

तुझं पत्र मिळालं. कंपनीने तुला स्वयंसेवकांच्या कमिटीत घातलं, म्हणजे एचआरला 'नाही' न म्हणणारा माणूस सापडला. अभिनंदनही घे आणि सहानुभूतीही.

शेजारच्या महापालिकेच्या शाळेसाठी काय करावं, असं तू विचारलंयस. आधी माझी फजिती ऐक. जुन्या कंपनीत असताना आम्ही साठ जण दोन बस भरून अशाच एका शाळेत गेलो होतो. अंगात एकसारखे टी-शर्ट. भिंत रंगवली, वह्या वाटल्या, फोटो काढले. निघताना चौथीच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "झालं ना सर? मग वर्ग देता का माझा परत?" येताना बसमध्ये भेंड्या रंगल्या होत्या. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

तुमचे साहेब दोन टक्क्यांचा कायदा पुढे करतील. 2013 च्या कंपनी कायद्याचं कलम 135 : ठरावीक आकाराच्या वरच्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यातले किमान 2 टक्के समाजकार्यावर खर्चायचे. पण कर्मचाऱ्यांच्या तासांची किंमत लावून ती या खर्चात दाखवता येत नाही, हे केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने 2021 साली स्पष्ट केलंय. म्हणजे पैसे कायद्याने सुटतात, वेळ मात्र तुला भांडून मिळवायचाय. आणि मला विचारशील तर शाळेला जास्त टंचाई वेळेचीच असते.

वेळ मागताना 'शनिवारी जाऊ' हे मान्य करू नकोस. शनिवारी सकाळची शाळा असते, तुमची मंडळी चहा-पोहे आटपून पोचेपर्यंत पोरं घरी गेलेली असतात. शुक्रवारी दुपारचे दोन तास माग, तेही पगारी. आमच्याकडे परवानगी मिळाली, पण टाइमशीटमध्ये त्या तासांना कोडच नव्हता. मॅनेजरच्या लेखी आम्ही ते दोन तास रिकामे बसलेले! दुसऱ्या महिन्यात बारातले चार उरले. कोड मिळाल्यावर गळती थांबली. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण सगळं तिच्यावरच अडलं होतं.

आम्ही करतो ते काम अगदी साधं आहे. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीत वाचनाची एक सोपी चाचणी असते : अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. पोर कुठे अडतंय ते त्यावरून लगेच कळतं. मग इयत्ता बाजूला ठेवून त्या पायरीवर बसायचं. माझ्या गटातली पाचवीतली एक मुलगी शब्दांवरच थांबायची, 'पाऊस' अंदाजाने 'पाणी' वाचायची. दिवाळीनंतर परिच्छेदावर आली. मी शिकवलं म्हणून म्हणत नाही, बाईंनी तिला रोज घेतलं. मी दर शुक्रवारी ऐकायला होतो, एवढंच. आठवड्याला माणसं बदलली असती, तर तिने तोंडच उघडलं नसतं.

ज्यांना पोरांसमोर बसायचा संकोच वाटतो, त्यांना एखाद्या सेवाभावी संस्थेचे हिशेब किंवा संगणक बघू दे. टाटा समूहाने 2014 साली 'टाटा एंगेज' सुरू केलं. त्यातल्या 'प्रोएंगेज'मध्ये माणूस साधारण सहा महिने फावल्या वेळात एखाद्या संस्थेचं एकच काम हाती घेतो. हा नमुना साहेबांना दाखव. टाटांचं नाव घेतलं की मीटिंगमध्ये निम्मे प्रश्न गळतात.

आणि हो, तुमच्याकडे ही सवलत फक्त ऑफिसच्या स्टाफला असेल, असं तू सहज लिहून गेलास. ते मला खटकलं. ऑपरेटर लोक त्याच वस्त्यांत राहतात, कोणाचं पोर शाळेऐवजी गॅरेजवर बसतंय हे त्यांना ठाऊक असतं. फर्स्ट शिफ्ट सुटली की दोघा-तिघांना पाठव, पण ते तास ओव्हरटाइमला धरून. फुकट राबवायचं असेल तर विचारूच नकोस. युनियनचे लोक आधी विश्वासात घे.

मुख्याध्यापकांची परवानगी लेखी घे. एकटा माणूस एकट्या मुलासोबत बंद खोलीत बसणार नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांग. कोणी नाक मुरडलं तर त्याला हिशेबाच्या कामाला लाव.

पुढच्या महिन्यात नाशिकला येतोय. शुक्रवारीच येईन, तुझी शाळाही बघता येईल. मिसळ तुझ्याकडून. आणि त्या टी-शर्टांची ऑर्डर दिली नसशील तर अजून थांबव.

तुझा,
अव्या